गाडी सावलीत आहे का?

मेच्या मध्यावर ठाण्यात एक दुपार अशी येते की उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. ठाण्याचा अक्षांश साधारण १९.२ अंश उत्तर. सूर्य उत्तरेकडे सरकत त्या रेषेवर आला की माध्यान्हीला तो बरोबर डोक्यावर असतो. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण राहतो ७३ च्या आसपास, म्हणून सूर्य माथ्यावर येईतो साडेबारा उलटून जातात. शून्य सावलीच्या त्या दिवशी शाळेतली मुलं मैदानात बाटल्या आणि डबे उभे करून सावली नाहीशी होताना बघतात. मलाही ते बघायला आवडतं. पण माझ्या धंद्यात त्या आठवड्यातली दुपार वर्षातली सगळ्यात अवघड. मी घरपोच जाऊन गाड्यांच्या पुढच्या काचा दुरुस्त करतो, आणि त्या दिवसांत इमारतीच्या भिंतीला चिकटून उभ्या केलेल्या गाडीवरसुद्धा बारा ते एकच्या मध्ये सावलीचा पट्टा उरत नाही.

उन्हाळ्यात फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी सावलीत आहे का? समोरच्याने किती पैसे, किती वेळ, असं विचारायची तयारी केलेली असते, त्यामुळे तो क्षणभर थांबतो. काहींना वाटतं, मला ऊन सोसत नाही. माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते. कांद्या-बटाट्याच्या गोणी पाठीवर घेऊन त्यांनी आयुष्य काढलं, आणि ऊन सोसायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. काचेला मात्र ते सोसत नाही, आणि तड्यात जे रेझिन मी भरतो त्याला तर अजिबात नाही.

खडा कुठून येतो हे ठाणेकरांना आणि नवी मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर पुढे डंपर असतो, शिळफाट्याहून महापेकडे येताना खडीची गाडी असते, उरणच्या बाजूला कंटेनरचे ट्रेलर असतात. डंपरवर ताडपत्री धड बांधलेली नसते, खडी रस्त्यावर सांडते आणि पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडून काचेवर येते. टक्क असा आवाज होतो. थांबून बघितलं तर टिकलीएवढा टवका दिसतो, कधी त्याला दोन-तीन पाय फुटलेले असतात. तेवढ्यावरच दुरुस्ती झाली तर काच वाचते. आठ-पंधरा दिवस तसंच ऊन खाऊ दिलं आणि मध्ये एखादा स्पीडब्रेकर जोरात लागला, तर चीर पळते आणि मग पूर्ण काच बदलावी लागते.

पुढची काच दुरुस्त होऊ शकते, कारण ती एकसंध नसते. काचेचे दोन थर आणि त्यांच्या मध्ये पीव्हीबी या पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा, अशी तिची रचना असते. बाजूच्या खिडक्यांची काच टफन, म्हणजे जास्त मजबूत केलेली; ती फुटली की सगळीच्या सगळी दाणे होऊन खाली येते, तिथे माझं काही काम नाही. पुढच्या काचेला खडा लागला तर बहुतेक वेळा फक्त बाहेरचा थर दुखावतो. काचेच्या पोटात असा थर घालायची कल्पना सुचली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला. १९०३ मध्ये त्याच्या हातून प्रयोगशाळेतलं एक काचेचं भांडं पडलं, तडकलं पण विखुरलं नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता, अशी गोष्ट सांगतात. १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. सुरुवातीच्या त्या काचांमधला थर उन्हाने पिवळा पडायचा. पीव्हीबी आलं १९३० च्या दशकात, आणि ते टिकलं. म्हणजे ऊन आणि गाडीची काच यांचं भांडण पहिल्यापासूनचं आहे.

आता रेझिन. ते पाण्यासारखं पातळ ॲक्रिलिक असतं आणि अतिनील किरण पडले की काही मिनिटांत कडक होतं. त्याची बाटली काळी असते ती याच कारणाने. टवक्यातली काचेची पूड सुईने काढायची, व्हॅक्यूमच्या कपाने ब्रिज, म्हणजे इंजेक्टर धरून ठेवणारा सांगाडा, काचेवर बसवायचा, त्यातून रेझिन सोडणारा इंजेक्टर बरोबर टवक्याच्या तोंडावर आणायचा. आधी आतली हवा ओढून घ्यायची, मग दाब देऊन रेझिन सोडायचं, परत हवा ओढायची, परत दाब. तड्याचा प्रत्येक पाय टोकापर्यंत भरला की चकाकी जाते आणि तडा जवळजवळ दिसेनासा होतो. त्यानंतर पातळ फिल्मचा तुकडा ठेवून वर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा लाइट धरायचा. लाइट बाहेरूनच धरावा लागतो, कारण मधलं पीव्हीबी अतिनील किरण जवळपास सगळेच अडवतं. रेझिन कडक झालं की ब्लेडने खरवडून पॉलिश.

या सगळ्यात किरण कधी पडायचे हे माझ्या हातात असावं लागतं. गाडी उन्हात असेल तर ते सूर्याच्या हातात जातं. रेझिन तड्याच्या टोकाला पोचायच्या आत तोंडाशीच कडक व्हायला लागतं आणि आत हवा अडकते. मग तिथे चंदेरी रेघ राहते, रात्री समोरून हेडलाइट आला की ती चमकते. ते पुन्हा करता येत नाही, कारण कडक झालेलं रेझिन बाहेर निघत नाही. एका तड्याला संधी एकच असते, म्हणून मी सावलीसाठी इतका अडून बसतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. काच तापली की वाढते. डोळ्याला दिसत नाही, पण साधारण १.४ मीटर रुंदीची काच ४० अंशांनी तापली तर अर्धा मिलिमीटर वाढते. चौकटीत चिकटवलेल्या काचेला तेवढं वाढायला मोकळी जागा नसते, त्यामुळे बाहेरचा थर दाबला जातो आणि तड्याचे पाय आवळून बसतात. रेझिन आत जायला तयार नसतं. म्हणून दाब वाढवला तर पाय पुढे सरकतो आणि काम करता करता तडा मोठा होतो. हल्लीच्या गाड्यांच्या पुढच्या काचा इतक्या तिरप्या असतात की मे महिन्याचं डोक्यावरचं ऊन त्या जवळपास आडव्या पडून घेतात. खाली काळा डॅशबोर्ड असतो, तोही तापून काचेला आतून ऊब देतो. माझ्याकडे टेंपरेचर गन आहे, कोविडच्या काळात दुकानाच्या दारात कपाळावर धरायचे तसलीच, फक्त जास्त तापमान मोजणारी. उघड्यावर दुपारी तिच्यावर साठीच्या घरातले आकडे सहज दिसतात. मी काम पस्तिशीच्या आत आल्यावरच सुरू करतो.

सगळ्यात वाईट काय असेल तर अर्धी सावली. हे लोकांना पटवणं मला सर्वांत कठीण जातं. "अहो, गाडी झाडाखालीच आहे की," ते म्हणतात. जाऊन बघावं तर काचेचा डावा भाग सावलीत आणि उजवा उन्हात. पूर्ण उन्हातली काच निदान सगळीकडून सारखी तापते. अर्धवट सावलीत तापलेला भाग पसरू बघतो आणि गार भाग त्याला धरून ठेवतो. त्या ओढाताणीत गार भागावर ताण येतो. काच दाब खूप सोसते, ताण सोसत नाही. पुढच्या काचेचे थर टफन केलेले नसल्यामुळे ताणाशी तिची झुंज आणखीच कमजोर. त्या गार भागात, त्यातही कडेला, आधीपासून टवका असेल तर चीर तिथून निघते. खांबाची तिरकी सावली, अर्ध्या काचेवर टाकलेला टॉवेल, पत्र्याच्या शेडची काचेच्या मधोमध आलेली कड, हे सगळं मला उघड्या उन्हापेक्षा जास्त भीतिदायक वाटतं. गाडी दोन फूट मागे घेतली तर काम होतं, पण ते दोन फूट घ्यायला मालकाला चार मजले उतरून यावं लागतं.

पाण्याचंही तसंच. वर्तकनगरला एक काकू होत्या. काचेला हात लावून त्या कळवळल्या.

"अगं बाई, केवढी तापलीय! थांब बाळा, फ्रिजमधलं पाणी आणते, ओत त्याच्यावर."

"काकू, ते मला प्यायला द्या. काचेवर नको."

त्यांनी पाणी दिलं, वर कोकम सरबतही दिलं, आणि काचेवर पाणी का नको ते नीट ऐकून घेतलं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की वरचा पृष्ठभाग एकदम आकसतो, आतला भाग तसाच फुगलेला राहतो आणि तडा पळायला तेवढं पुरतं. शिवाय पाणी टवक्यात शिरून बसतं; मग जिथे पाणी तिथे रेझिन नाही. एसी जोरात लावून काचेवर झोत सोडणं हाही त्याच जातीचा उपाय. काचेला हळूहळू गार होऊ द्यायचं असतं. गाडी पूर्ण छपराखाली घ्यायची, चारी दारं उघडायची, आतली कोंडलेली गरम हवा जाऊ द्यायची आणि थांबायचं. टवक्याजवळ, कडेला आणि समोरच्या कोपऱ्यात, अशा तिन्ही ठिकाणचे आकडे जवळजवळ आले की काच तयार. या थांबण्याच्या वेळात ग्राहक गॅलरीतून दोनदा वाकून बघतात, "काही अडलंय का?" म्हणून विचारतात. अडलेलं काही नसतं. तेव्हा माझं कामच चाललेलं असतं.

आतून लावायचा चंदेरी सनशेड बहुतेकांकडे असतो. तो चांगलाच आहे, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग वाचवतो. पण तो काचेच्या मागे असतो, काच स्वतः उन्हातच राहते. तडा गेलेल्या काचेला सावली बाहेरून हवी, आणि तीही अंगाला न चिकटणारी. काळी ताडपत्री थेट काचेवर पसरली तर ती तापून काचेलाच भाजते. मी चंदेरी ताडपत्री चौकटीवर ताणून काचेच्या वर हातभर उंच धरतो, म्हणजे मधून वारा खेळतो. नर्सरीवाल्यांची हिरवी जाळी सुरुवातीला वापरून बघितली. माणसाला बरं वाटतं, पण भोकाभोकांतून उजेड येतो आणि रेझिनला तेवढा पुरतो. कुणी काळ्या फिल्मचा उपाय सुचवतं. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे, आणि फिल्म लावली तरी ऊन काचेवर पडायचं ते पडतंच.

दुपारी खाडीकडून वारा सुटला की पाम बीचच्या आसपासच्या सोसायट्यांत छत उभं करणं म्हणजे दोन माणसांचं काम. मी चार कोपऱ्यांना पाण्याचे २० लिटरचे जार बांधतो. ते वाहून न्यायला मागे जागा लागते, म्हणून मी बाइक सोडून छोटा टेंपो घेतला. घरी तेव्हा विचारलं होतं, एवढीशी हत्यारं, त्याला टेंपो कशाला? हत्यारं खरोखर एका पेटीत मावतात. टेंपो सावलीसाठी आहे.

झाडं मला या कामाने ओळखायला शिकवली. गुलमोहर दिसायला रस्ताभर पण ऐन गरजेला, मार्च-एप्रिलमध्ये, त्याच्यावर पान नसतं. बहाव्याचंही तेच, पिवळ्या झुंबरांखाली उभं राहिलं तरी डोकं तापतं. पर्जन्यवृक्ष छत्रीसारखा पसरतो, त्याची सावली लांब-रुंद आणि सलग, फक्त वरून काही ना काही गळत असतं. रेझिन ओलं असताना एक फूल पडलं तरी पंचाईत. करंजाला चैत्रात नवी पानं येतात आणि त्याची सावली घट्ट असते, तो माझा आवडता. आंबा त्याहून घट्ट, पण मे महिन्यात आंब्याखाली गाडी कोण लावू देणार? वड-पिंपळाखाली पक्ष्यांची वर्दळ. उपवन तलावाच्या बाजूला, येऊरच्या पायथ्याशी अजून अशा जागा आहेत की सकाळी दहापर्यंत छत न लावता काम होतं. घोडबंदरच्या नव्या टॉवरांजवळ झाडं लावली आहेत, पण ती अजून माणसाच्या खांद्याएवढी आहेत.

इमारतींची सावलीही ऋतूप्रमाणे घर बदलते. डिसेंबरात इमारतीच्या उत्तरेला दिवसभर गारवा असतो. तीच जागा मे महिन्यात दगा देते, कारण मेच्या मध्यानंतर माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला जातो आणि जुलैच्या अखेरपर्यंत तिकडेच असतो. तेव्हा भर दुपारी काय थोडीफार सावली पडेल ती दक्षिणेच्या भिंतीला. भरवसा फक्त डोक्यावर छप्पर असलेल्या जागेचा: स्टिल्ट म्हणजे इमारतीच्या खांबांमधलं पार्किंग, पोडियमखालचं पार्किंग, बेसमेंट. बेसमेंटात उकडतं, वारा नसतो, पण काच गार असते आणि रेझिन मी म्हणेन तोवर पातळ राहतं. फ्लायओव्हरखालीही सूर्य माथ्यावर असताना चांगली सावली मिळते, पण तिथे धूळ उडते आणि ट्रॅफिकवाल्यांनी गाडी हलवायला सांगितली की अर्ध्यावर उठता येत नाही.

सकाळ हाच खरा मुहूर्त. साडेसहा ते नऊ. रात्रभर काच निवलेली असते, घाई नसते. संध्याकाळीही काम होतं, पण अंधारात यूव्ही लाइट लावला की चिलटं त्याच्याकडे येतात आणि ओल्या रेझिनमध्ये चिकटतात. पावसाआधीच्या दिवसांत तर फारच. दुपारचं काम मी अगदीच अडलेल्याचं घेतो. बॉनेट हाताला चटके देतं, वाकून उभं राहावं लागतं, कपाळाचा घाम नाकाच्या शेंड्यावर येतो. तो टवक्यात पडला तर क्षार आत जातात, म्हणून डोक्याला पंचा घट्ट बांधलेला असतो. काचेचं तापमान मी मोजतो, स्वतःचं मोजत नाही, असं बायको म्हणते. ती बरोबर बोलते, आणि आता मी बारा ते चार काम घेणं जवळपास बंद केलंय. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्कार सोहळ्याला आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. भर उन्हात बसलेली साधी, श्रद्धाळू माणसं होती ती. आमच्या बाजूची कितीतरी माणसं त्या दिवशी तिथे होती. तेव्हापासून उघड्यावर कुणाला ताटकळत ठेवलेलं बघितलं की मला राग येतो.

हा राग मला सोसायट्यांच्या गेटवर सर्वांत जास्त येतो. वॉचमन दादांवर नाही, ते नोकरी करतात, त्यांना सांगितलेलं असतं. "बाहेरच्या माणसाने स्टिल्टमध्ये काम करायचं नाही, व्हिजिटर पार्किंगला करा." व्हिजिटर पार्किंग ठाण्यापासून खारघरपर्यंत बहुतेक ठिकाणी उघड्यावर असतं. म्हणजे ज्या माणसाची गाडी आहे त्याचीच स्टिल्टमधली जागा गार आणि रिकामी, आणि गाडी मात्र माझ्यासाठी उन्हात आणलेली. मग मी छत उभं करतो, जार भरतो, अर्धा तास थांबतो. तेल सांडेल, कचरा होईल, बाहेरच्यांची ये-जा वाढेल, या चिंता मी समजू शकतो. त्यांच्यासाठी नियम करा: खाली कापड अंथरायचं, वेळ ठरवायची, नाव लिहायचं. मी सगळं पाळतो. पण ज्याला आपण घरी बोलावलं त्याला उभं राहायला सावली देणं हे माझ्या मते बोलावण्यातच आलं. पूर्वी दारात आलेल्या कल्हईवाल्याला लोक ओटीच्या सावलीत बसवत, मग भांडी काढत.

कोलशेत रोडला एका सोसायटीने हे केलं. तिथले सेक्रेटरी निवृत्त शिक्षक. त्यांच्या गाडीचं काम चालू असताना ते शेजारी खुर्ची टाकून बसले आणि सगळं विचारत राहिले: पाणी का नको, अर्धी सावली का नको. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला एक गाडी मावेल एवढं छप्पर पाहिजे, दुसरं काही नाही."

"आणि एक प्लग पॉइंट मिळाला तर बरं, सर."

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा स्टिल्टमध्ये पंपरूमच्या बाजूला पिवळ्या पट्ट्यांनी एक जागा आखलेली होती, भिंतीवर प्लग होता आणि बाजूला पाण्याचा माठ. आता ती जागा माझ्यापेक्षा इतरच जास्त वापरतात: बॅटरीवाला, पंक्चरवाला, वॉशिंग मशीन खाली आणून उघडणारा मेकॅनिक, सोफ्याचं कापड बदलणारे दोघे भाऊ.

गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. तेव्हा ऊन विसरलेलं असतं, चर्चा गळतीची आणि लिफ्टची असते. पण पुढच्या उन्हाळ्याआधी काही करायचं तर ठराव तिथेच मांडावा लागतो. ज्यांच्या गाड्या मी दुरुस्त करतो त्यांना मी आता बिलाबरोबर एक कागद देतो. त्यावर मसुदा लिहिलेला आहे: "संस्थेच्या छपराखालील एक वाहनतळ, सभासदांनी बोलावलेल्या कारागिरांना सकाळी साडेसहा ते संध्याकाळी सात या वेळेत, नोंद करून वापरण्यास देण्यात यावे, तेथे पिण्याचे पाणी व एक वीजजोडणी असावी." सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांसाठी खाली दोन ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत.